नाव काढलेला विद्यार्थी : डॉ. मेघनाद साहा

नाव काढणे या शब्दांचे आपल्याकडे दोन अर्थ होतात. हजेरीपटावरून नाव काढले म्हणजे मुलगा शाळेबाहेर गेला, आणि शाळेचे नाव काढले म्हणजे मुलगा मोठा झाला. स्मरणिकेत बहुधा दुसऱ्या प्रकारची माणसे भेटतात. ज्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या झाल्या अशा एका विद्यार्थ्याची हकीकत इथे सांगायची आहे. आपल्यापैकी जे पुढे बी.एस्सी.ला फिजिक्स घेऊन बसले, त्यांच्या हातून साहा आणि श्रीवास्तव यांचे उष्णतेवरचे जाडजूड पुस्तक कधी ना कधी गेले असेल. त्या पुस्तकातले साहा ते हेच. ते मराठी नव्हते, महाराष्ट्रात राहिलेही नाहीत. पण सरकारी कागदावर शके घालून जी तारीख आपण पाहतो, तिच्यामागेही तेच आहेत.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्यापासून जवळच्या शेवडातली नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ साहा यांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते, मुले आठ. जन्माच्या रात्री वादळी पाऊस होता म्हणून मेघनाथ नाव ठेवले असे सांगतात; पुढे त्यांनी स्वतःच ते बदलून मेघनाद केले. रामायणात हे रावणाच्या मुलाचे नाव. हरलेल्या बाजूचे नाव आपणहून घेणारा मुलगा कसा असेल याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.

वडिलांच्या दृष्टीने लिहिता-वाचता आले की दुकानावर बसायला पुरे होते. गावातली प्राथमिक शाळा संपली तेव्हा मेघनादचे शिक्षणही संपल्यात जमा होते. इंग्रजी शिकवणारी सर्वात जवळची शाळा सिमुलिया गावी, काही कोस दूर. रोज जाऊन येण्यासारखे अंतर नव्हते आणि तिथे राहण्याजेवणाला पैसे नव्हते. थोरल्या भावाने खटपट करून त्या गावातले डॉक्टर अनंतकुमार दास यांना गळ घातली. डॉक्टरांनी मुलाला फुकट ठेवून घेतले. अट एवढीच की आपले ताट आपण घासायचे आणि घरची गाय सांभाळायची. ताट घासण्यामागे जात होती हे वेगळे सांगायला नको. साहा हे तेव्हाच्या बंगालात खालच्या मानल्या गेलेल्या समाजातले. तरीही या डॉक्टरांचे उपकार साहा जन्मभर मानत राहिले.

सिमुलियाच्या शाळेतून ते ढाका जिल्ह्यात पहिले आले आणि १९०५ साली ढाक्याच्या सरकारी कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाले. हिशेब असा होता : सरकारी शिष्यवृत्ती महिना ४ रुपये, वैश्य समितीकडून २ रुपये, आणि तागाच्या कंपनीत २० रुपयांवर काम करणारा थोरला भाऊ दरमहा पाठवायचा ते ५ रुपये. या अकरा रुपयांत शहरात राहायचे, खायचे आणि शिकायचे.

त्याच वर्षी लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली. नव्या पूर्व बंगाल प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर बॅम्फील्ड फुलर शाळेला भेट द्यायला येणार म्हणून मुलांनी बहिष्कार घातला. त्यांत बारा वर्षांचा मेघनादही होता. शाळेने त्याचे नाव काढले. फीची माफी गेली, शिष्यवृत्तीही गेली. अकरातले चार रुपये गेले हे आज वाचताना किरकोळ वाटते. पण दुकानावर परत बसण्याचे अंतर त्या चार रुपयांएवढेच होते.

इथे दुसरी एक शाळा मध्ये आली. किशोरीलाल ज्युबिली स्कूल ही ढाक्यातली खाजगी शाळा. सरकारी शाळेने काढलेल्या मुलाला घेणे त्या काळी सोपे नव्हते. या शाळेने त्याला घेतले, फी माफ केली आणि वर थोडी मदतही दिली. सरकारी शाळेच्या तोडीची साधने तिच्याकडे नसणार. पण १९०९ सालच्या एन्ट्रन्स परीक्षेत पूर्व बंगालमधल्या सगळ्या मुलांत पहिला आलेला विद्यार्थी तिचा होता. मधल्या काळात बाप्टिस्ट मिशनच्या मोफत वर्गात जाऊन त्याने बायबलची परीक्षा दिली, तीतही पहिला आला आणि शंभर रुपयांचे बक्षीस मिळवले. गरजू मुलगा बक्षिसाची परीक्षा सोडत नाही, मग विषय कोणताही असो.

पुढे ढाका कॉलेजात इंटर करताना त्यांनी एक जादा विषय घेतला : जर्मन भाषा. व्हिएन्नाहून डॉक्टरेट घेऊन आलेले नगेंद्रनाथ सेन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक ती शिकवीत. तेव्हा हा निव्वळ हौसेचा विषय वाटला असेल. दहा वर्षांनी त्यानेच सगळे दरवाजे उघडले.

१९११ साली साहा कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय, वर्गात सत्येंद्रनाथ बोस, एक वर्ष पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस. असा वर्ग पुन्हा भरला नसेल. १९१३ साली गणितात बी.एस्सी. आणि १९१५ साली एम.एस्सी.; दोन्ही वेळा सत्येंद्रनाथ पहिले, मेघनाद दुसरे. वसतिगृहात मात्र काही मुलांनी त्यांच्या पंगतीला बसून जेवायला नकार दिला आणि सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना वेगळे काढले. विद्येच्या देवतेच्या पूजेला दोन नंबरचा विद्यार्थी चालेना! त्यांनी वसतिगृह सोडले. या अनुभवाचा कडवटपणा पुढे त्यांच्या बोलण्यात राहिला. ते फटकळ होते, अधिकाऱ्यांना न रुचेल असे लिहीत आणि भांडण लवकर विसरत नसत. चरित्रकारांनी हे झाकलेले नाही, इथेही झाकण्याचे कारण नाही.

नोकरी म्हणून त्यांना सरकारी फायनान्स खात्याची परीक्षा द्यायची होती. पण बाघा जतीनसारख्या क्रांतिकारकांशी ओळख असल्याच्या संशयाने सरकारने परीक्षेला बसू दिले नाही. मग सायकलवरून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात शिकवण्या करायच्या, असा दिनक्रम सुरू झाला. सरकारने परवानगी दिली असती तर एक चोख हिशेबतपासनीस मिळाला असता.

त्याच सुमारास कोलकाता विद्यापीठाचे सर आशुतोष मुखर्जी एक धाडस करत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांतून त्यांनी राजाबाजारला विज्ञान महाविद्यालय उभे केले होते. तोपर्यंत आपल्याकडची विद्यापीठे मुख्यतः परीक्षा घेत आणि पदव्या देत. प्राध्यापकाने शिकवता शिकवता नवे शोधावे, हा विद्यापीठाच्या खात्याचा भाग नव्हता. आशुतोषबाबूंनी १९१६ साली पंचविशीच्या आतल्या साहा आणि बोस यांना तिथे अध्यापक नेमले. पुढच्या वर्षी चंद्रशेखर व्यंकट रामन आले.

साहा शिकले होते गणित, शिकवायचे होते फिजिक्स. थर्मोडायनॅमिक्स आणि वर्णपटशास्त्र हे दोन विषय त्यांच्या वाट्याला आले आणि ते दोन्ही त्यांनी स्वतः वाचून, एक पाऊल विद्यार्थ्यांच्या पुढे राहून शिकवले. खात्यात उपकरणे जवळजवळ नव्हती. युद्धामुळे परदेशातली नियतकालिके उशिरा येत. पण जर्मन येत असल्याने प्लांक, नेर्न्स्ट, आइनस्टाइन यांचे लेख मुळातून वाचता येत होते. आइनस्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील जर्मन निबंधांचे साहा आणि बोस यांनी इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९२० साली कोलकाता विद्यापीठाने पुस्तकरूपात छापले.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. ते समजायला अवघड नाही, फक्त थोडे सावकाश वाचावे लागेल.

सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून काढला की रंगांच्या पट्ट्यावर काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात, म्हणून रेषा बघून ताऱ्यात काय आहे ते ओळखता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हार्वर्डच्या वेधशाळेत हजारो ताऱ्यांच्या अशा पट्ट्या जमवून त्यांची ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशी वर्गवारी लावली होती. पण काही ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक, काहींत कॅल्शियमच्या, काहींत हेलियमच्या, हे का? एका ताऱ्यात हायड्रोजन जास्त आणि दुसऱ्यात लोखंड जास्त, असे साधे उत्तर बहुतेकांच्या मनात होते. सूर्यातही एक कोडे होते. ग्रहणाच्या वेळी कडेला जे लालसर आवरण दिसते, त्या वर्णगोलात अगदी उंचावर कॅल्शियमच्या रेषा दिसत. कॅल्शियम हायड्रोजनपेक्षा चाळीस पट जड. ते इतक्या वर कसे पोचते? शिवाय त्या रेषा साध्या कॅल्शियमच्या नव्हत्या. प्रयोगशाळेत ठिणगी पाडून अणूतला एक इलेक्ट्रॉन उडवला की जशा मिळतात तशा त्या होत्या. वर गेल्यावर सूर्य जास्त तापतो की काय, असाही प्रश्न पडला होता.

१९१९ साली एगर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचा एक लेख साहांच्या वाचनात आला. ताऱ्यांच्या पोटातल्या अतिउष्ण अणूंचे तुकडे होणे म्हणजे एक रासायनिक क्रियाच, असे धरून त्याने नेर्न्स्टचे सूत्र लावले होते. पण इलेक्ट्रॉन उडवायला किती ऊर्जा लागते हा आकडा त्याने अंदाजाने घेतला होता. साहा रोज वर्गात थर्मोडायनॅमिक्सही शिकवत होते आणि वर्णपटही. प्रत्येक मूलद्रव्यासाठी हा आकडा वर्णपटावरून काढता येतो हे त्यांना ठाऊक होते. कॅल्शियमला सुमारे ६.१ व्होल्ट, हायड्रोजनला १३.६, हेलियमला २४.६. दोन तासांना शिकवायचे दोन विषय त्यांनी एका समीकरणात आणले.

त्या समीकरणाचा मुद्दा असा. पाणी किती तापमानाला उकळेल हे नुसत्या आचेवर नसते, दाबावरही असते. उंच डोंगरावर दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते आणि भात मात्र कच्चा राहतो. अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचेही तसेच. तापमान वाढले की जास्त अणू फुटतात, आणि दाब कमी झाला की त्याच तापमानाला आणखी जास्त फुटतात. वर्णगोलात उंचावर दाब अगदी कमी, म्हणून तिथे कॅल्शियमचे अणू जवळजवळ सगळे एक इलेक्ट्रॉन गमावलेले. वर जास्त उष्णता असण्याची गरजच नाही. (ते वर तरंगतात कसे, तर प्रकाशाचा दाब त्यांना ढकलतो, त्यावरही साहांनी आधीच लिहिले होते.) ताऱ्यांचे वर्ग हे मुख्यतः तापमानाचे वर्ग आहेत, मालमसाल्याचे नाहीत. थंड ताऱ्यात कॅल्शियम शाबूत दिसते, तापत गेले की त्याच्या रेषा मावळतात आणि अवघड अणूंच्या उगवतात. ताऱ्याच्या प्रकाशाची पट्टी बघून त्याचे तापमान सांगता येऊ लागले, ते इथून. हा निबंध कोलकात्यात तयार झाला आणि १९२०च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. लेखक २७ वर्षांचा.

हे सगळे कागद-पेन्सिलीवर झाले. याचे आपण कौतुक करतो, साहा स्वतः मात्र करत नसत. साधने नसण्याची किंमत त्यांनी मोजली होती. प्रकाशाच्या दाबावरचा त्यांचा मोठा निबंध अमेरिकेतल्या ॲस्ट्रोफिजिकल जर्नलकडे गेला, तेव्हा लांबी जास्त असल्याने छपाईच्या खर्चातला वाटा लेखकाने उचलावा असे उत्तर आले. तेवढे पैसे नव्हते. निबंध विद्यापीठाच्याच नियतकालिकात छापला गेला आणि बाहेर कोणाच्या फारसा नजरेस पडला नाही. पुढे या विषयाचे श्रेय इंग्रज शास्त्रज्ञ मिल्न यांच्याकडे अधिक गेले.

शिष्यवृत्तीवर साहा १९२० साली युरोपला गेले. तिचे नाव प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांनी आईच्या नावाने बांधला, तेच हे मुंबईचे कापसाचे व्यापारी. त्यांनी कोलकाता विद्यापीठालाही देणगी दिली होती. लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत ताजे वर्णपट हाताशी मिळाले आणि साहांनी ताऱ्यांवरचा आपला निबंध नव्याने लिहिला. नंतर बर्लिनला नेर्न्स्ट यांच्याकडे गेले. तिथून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेला कळवले : रुबिडियमचा अणू ४.२ व्होल्टला फुटतो, म्हणून सूर्याच्या तेजस्वी पृष्ठावर तो शाबूत सापडत नाही; पण डाग त्या मानाने थंड असतात, तिथे पाहावे. हेन्री नॉरिस रसेल यांनी तपासले तर डागांत रुबिडियमच्या रेषा मिळाल्या. भाकीत खरे ठरले, पण दुर्बीण दुसऱ्याची होती. पुढची चार-पाच वर्षे केंब्रिजमध्ये मिल्न आणि राल्फ फाउलर यांनी समीकरण अधिक नेटके केले आणि १९२५ साली हार्वर्डला सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने ते वापरून दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे असतात. साहांच्या पायावर हे घर दुसरीकडे उभे राहिले, कारण वेधांच्या काचा तिकडे होत्या.

१९२१ साली परत येऊन ते कोलकात्यात खैरा प्राध्यापक झाले. प्रयोगशाळेसाठी पैसा मिळेना. १९२३ साली ते अलाहाबाद विद्यापीठात गेले आणि तिथे पंधरा वर्षे राहिले. चरित्रांत हा काळ थोडक्यात आटोपतात. माझ्या मते त्यांचे सर्वात कष्टाचे काम इथले. खाते मुख्यतः शिकवण्याचे, वर्ग मोठे, कार्यशाळा नावापुरती, ग्रंथालय जुने. १९२७ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाल्यावर अनुदानाच्या गाठी थोड्या सुटल्या. हळूहळू खात्यात संशोधनाचे विषय रुजले : अणूंचे गुंतागुंतीचे वर्णपट, भट्टीत वायू तापवून आयनीभवनाचे प्रत्यक्ष मोजमाप, आणि वातावरणाच्या वरच्या थरातला आयनोस्फिअर, ज्यावर रेडिओच्या लहरी आपटून परत येतात. सूर्यावरचे आयनीभवन आणि आपल्या डोक्यावरचे आयनीभवन हा साहांच्या लेखी एकच विषय होता. उष्णतेवरचे ते पाठ्यपुस्तकही बी. एन. श्रीवास्तव यांच्याबरोबर याच काळात तयार झाले.

विद्यार्थीही इथेच घडले. त्यांतले दौलतसिंह कोठारी पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. १९६४ ते ६६चा शिक्षण आयोग ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे कोठारी. दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध ज्यांच्या वाट्याला आला, त्या आपल्या बॅचेस एका अर्थाने अलाहाबादच्या त्या खात्याच्या ऋणात आहेत. तक्रार असेल तीही तिकडेच करावी.

नोबेलसाठी त्यांचे नाव १९३० सालापासून एकापेक्षा अधिक वेळा सुचवले गेले. त्या वर्षी ते रामन यांना मिळाले. साहांचे काम महत्त्वाचे खरे, पण तो नवा शोध नव्हे, माहीत नियमांचा उपयोग आहे, असे समितीचे मत पडले. आज खगोलभौतिकीच्या कोणत्याही खात्यात पहिल्या काही व्याख्यानांत साहा समीकरण येते.

१९३४च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन मुंबईत भरले, त्याचे अध्यक्ष साहा होते. तिथे त्यांनी देशाला विज्ञान अकादमी हवी हे मांडले आणि नद्यांच्या पुरांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा हवी हेही. पूर त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. १९२२ साली उत्तर बंगालच्या पुरात प्रफुल्लचंद्रांबरोबर मदतकार्यही केले होते. पुढच्या वर्षी त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक काढले आणि मरेपर्यंत त्यात लिहिले. दामोदर खोऱ्याच्या योजनेमागे या लिखाणाचा मोठा भाग आहे. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना १९३८ साली राष्ट्रीय नियोजन समिती झाली, तिच्यामागेही साहांचा आग्रह होता. चरख्याने देशाचे दारिद्र्य हटेल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ते तसे उघड म्हणत.

१९३८ साली ते पालित प्राध्यापक म्हणून राजाबाजारच्या जुन्या इमारतीत परत आले. काही महिन्यांत युरेनियमचा अणू दुभंगल्याची बातमी आली. साहांनी एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र आणले आणि सायक्लोट्रॉन बांधायचे ठरवले. त्यांचे विद्यार्थी बासंतीदुलाल नाग चौधरी बर्कलेला लॉरेन्स यांच्याकडे शिकायला गेले. टाटांच्या विश्वस्त निधीने साठ हजार रुपये दिले. चुंबकाचे भाग आले. निर्वात पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. मग जे हाताशी होते त्यातून पंप करायचे, गळती शोधायची, पुन्हा करायचे. यंत्र नीट चालायला वर्षांमागून वर्षे गेली आणि तोवर जगात त्याहून मोठी यंत्रे आली होती. हा फसलेला प्रकल्प म्हणावा का? यंत्र म्हणून कदाचित हो. पण त्या भोवती शिकलेल्या मुलांचे काय, हे हिशेबात धरले तर उत्तर बदलते.

इथेच त्यांचा होमी भाभांशी मतभेद आला. मुंबईत १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, १९४८ साली अणुऊर्जा आयोग झाला आणि पैसा तिकडे वळला. साहांचे म्हणणे असे की आधी उद्योग आणि माणसे तयार करा; माणसे विद्यापीठांत तयार होतात, म्हणून संशोधन विद्यापीठांच्या खात्यांतच ठेवा आणि त्यावर गुप्ततेचे कुलूप घालू नका. त्यांनी स्वतःची अणुकेंद्र भौतिकी संस्था कोलकाता विद्यापीठाच्या अंगणातच उभी केली. १९५० साली इरेन जोलिओ-क्यूरी यांनी तिचे उद्घाटन केले. भाभांना आणि नेहरूंना वेग हवा होता. भाभांच्या वाटेने तुर्भ्याला जे उभे राहिले ते आपण मुंबईकरांनी पाहिले आहे, त्याला कमी लेखता येणार नाही. पण शिकवणारे एकीकडे आणि शोधणारे दुसरीकडे अशी जी फाळणी झाली, ती आपल्या विद्यापीठांना महाग पडली असे मला वाटते. बी.एस्सी.च्या मुलाला ज्याने स्वतः काही शोधले आहे असा माणूस फळ्यासमोर उभा दिसणे, ही गोष्ट साहांना सायक्लोट्रॉनपेक्षा लहान वाटत नव्हती.

१९५२ साली ते उत्तर-पश्चिम कोलकात्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले, काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून. सभागृहात शिक्षण, नद्या, पूर्व बंगालचे निर्वासित आणि अणुऊर्जा यांवर ते सरकारला धारेवर धरत. ज्या गावी ते जन्मले ते आता दुसऱ्या देशात गेले होते.

शेवटचे मोठे काम पंचांगाचे. देशात तेव्हा तिसेक पंचांगे चालत आणि सणांच्या तारखांवर एकमत नसे. १९५२च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली, साहा अध्यक्ष. सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोन मराठी जाणकार होते. पंचांगशोधनाचा वाद महाराष्ट्रात टिळकांच्या काळापासून पेटलेलाच होता. जुन्या सूर्यसिद्धान्ताचे वर्ष खऱ्या ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे. एका वर्षात ते कळत नाही. चौदाशे वर्षांत २३ दिवसांची चूक साठते आणि सण ऋतूंपासून सरकू लागतात. समितीने वर्ष वसंतसंपाताशी बांधले, महिन्यांचे दिवस कायम केले आणि कालगणना शकाची घेतली. चैत्राचा पहिला दिवस २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. गुढीपाडव्याचा चैत्र चंद्रावर चालतो आणि हा सूर्यावर, म्हणून दोघांची गाठ क्वचितच पडते. आकाशवाणीवर सकाळी भारतीय सौर तारीख ऐकून घरातली आजी जी कपाळाला आठी घालायची, तिचे कारण हे.

अहवाल १९५५ साली सादर झाला. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत, नियोजन आयोगाच्या कचेरीकडे पायी जात असताना, हृदयविकाराचा झटका येऊन साहा रस्त्यातच कोसळले. वय ६२. त्यांच्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. समितीचे पंचांग सरकारने तेरा महिन्यांनी स्वीकारले. त्यातली पहिली तारीख होती १ चैत्र शके १८७९, म्हणजे २२ मार्च १९५७.